बरी झाल्यावर देसेला

जाऊ नका, असं मला सगळ्यांत आधी आमच्या दूधवाल्याने सांगितलं. तो कामठीकडून सायकलवर यायचा. पातेल्यात दूध ओतता ओतता म्हणाला, "ताई, तिकडं दूध भेटते का नाही काय माहीत. तुमाले तं डॉक्टरनं रोजचे दोन गिलास सांगितले हायेत."

माझे दोन गिलास साऱ्या गल्लीला ठाऊक होते. माझा टीबी ठाऊक होता, सॅनिटोरियममध्ये काढलेलं वर्ष ठाऊक होतं, आणि आता मी अबिसिनियाला नोकरीसाठी निघाले आहे हेही दोन दिवसांत सगळ्यांना कळलं होतं. त्या देशाचं नाव इथिओपिया असं मी प्रत्येकाला सांगायची. पण आमच्याकडे जुन्या माणसांच्या तोंडी अबिसिनिया बसलं होतं, ते बसलंच.

ही गोष्ट साठच्या दशकाच्या शेवटाकडची. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि गणित शिकवायची. म्हणजे आजारापूर्वी शिकवायची. बरी होऊन परतल्यावर शाळेने मला घेतलं, पगारही सुरू केला, पण वर्ग दिला नाही. पालक काय म्हणतील, म्हणून मला लायब्ररीच्या खोलीत बसवलं. दिवसभर पुस्तकांना कव्हरं घालायची आणि पलीकडच्या वर्गातून येणारे पाढे ऐकायचे. घरी माझा कप आणि ताट वेगळं होतं. वहिनीचं त्यात काही चुकत नव्हतं, घरात तान्हं मूल होतं. पण डॉक्टरांनी आता काही भीती नाही असं सांगून वर्ष झालं तरी ताट वेगळंच राहिलं. आणि खरं सांगायचं तर हळूहळू मलाही तेच बरोबर वाटायला लागलं होतं.

इथिओपियाच्या सरकारला गणित आणि विज्ञानाचे शिक्षक हवे आहेत, अशी जाहिरात दादाने, माझ्या थोरल्या भावाने, पेपरात पाहिली. मुंबईला मुलाखत झाली. जुना आजार मी सांगितला. त्यांनी छातीचा नवा फोटो मागितला. रामदासपेठेतल्या आमच्या डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "डाग राहणार. भाजल्याचा राहतो तसा. पण आग विझलेली आहे. खुशाल जा."

आईला सांगायचं राहिलं होतं. ती तांदूळ निवडत बसली होती.

"काहून जाते वं? इथं तुले काही कमी करून राहिलो का आम्ही?"

"नाही आई."

"मंग?"

"तिथे मला वर्ग देणार आहेत."

तिने हातातलं सूप झटकलं, खडे बाजूला केले. मग विचारलं, "किती पोरं राहतात एका वर्गात?"

"असतील चाळीस-पन्नास."

"लय होतात. येळेवर जेवत जाय मंग."

परवानगी मिळाली ती अशी. दुसऱ्या दिवसापासून ती कुरडया, सांडगे आणि भिवापुरी मिरचीचं तिखट बांधायच्या मागे लागली.

अदीस अबाबा

नागपूर ते मुंबई रेल्वेने आणि तिथून विमानाने, वाटेत एडनला थांबून, हा प्रवास मी बराचसा डोळे मिटून केला. विमानात पहिल्यांदाच बसत होते. शेजारी लुधियानाचे एक सरदारजी होते, शिवणयंत्रं विकायला निघालेले. त्यांनी आपले पराठे मला दिले, मी त्यांना आईने तळून दिलेली सांडगी मिरची दिली आणि एडन येईपर्यंत आमची चांगली ओळख झाली. हिंदी बोलायला आम्हा नागपूरकरांना निराळी तयारी लागत नाही.

अदीसच्या विमानतळावर पहिला घोटाळा झाला. कस्टमच्या अधिकाऱ्याने माझी ट्रंक उघडली आणि आईने तीन पदरी बांधलेलं तिखटाचं पुडकं बाहेर काढलं. हे काय, असं त्याने इंग्रजीत विचारलं. मी सांगेपर्यंत त्याने गाठ सोडून नाक आत घातलंही होतं. मग तो शिंकायला लागला. शेजारचा शिंकायला लागला, मागे उभे असलेले सरदारजी शिंकायला लागले. आता आपल्याला इथूनच परत पाठवणार असं मी धरून चालले. अधिकाऱ्याने डोळे पुसले, बोटाच्या टोकावर चिमूटभर तिखट घेऊन जिभेवर ठेवलं आणि त्याचा चेहरा एकदम खुलला. "बेरबेरे," तो म्हणाला आणि त्याने दुसऱ्या टेबलावरच्या माणसालाही चाखायला बोलावलं. बेरबेरे म्हणजे त्यांचं तिखट. त्याच्याशिवाय त्या देशात कुणाचं जेवण होत नाही. पुडकं त्याने स्वतःच्या हाताने पुन्हा बांधून दिलं.

खरी भीती वाटली ती हॉटेलात. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर होती. पहिला जिना चढेपर्यंत मला धाप लागली. कठड्याला धरून उभी राहिले आणि छाती धडधडायला लागली. आजार उलटला, एवढंच डोक्यात आलं. एवढ्या लांब येऊन पहिल्याच दिवशी. तेवढ्यात खालून कुणीतरी भात्यासारखं फुसफुसत वर येताना ऐकू आलं. वळून पाहिलं तर सरदारजी. माझ्या दुप्पट अंगाचा माणूस, पागोटं कलंडलेलं, आणि दर दोन पायऱ्यांना थांबत होता.

"बहनजी," ते म्हणाले, "इस मुल्क में हवा थोड़ी कम देते हैं."

अदीस आपल्या महाबळेश्वराहून कितीतरी उंचावर आहे आणि नव्या माणसाला तिथे आठवडाभर धाप लागतेच, हे हॉटेलच्या मॅनेजरने नंतर समजावलं. आम्ही दोघं जिन्यातच बसून हसलो. आजाऱ्याची धाप आणि सगळ्यांची धाप यांत फरक असतो, हे मला त्या दिवशी कळलं. सगळ्यांना लागते ती धाप लागल्याचा त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला.

देसेची वाट

माझी नेमणूक देसे नावाच्या डोंगरातल्या गावी झाली होती. अदीसहून बसने पुरा एक दिवस. बस भल्या पहाटे सुटली. मिशाळ, धिप्पाड कंडक्टरला मी तिकीट दाखवलं, तर तो मान झुकवून म्हणाला, "इशी."

मी चमकून पाहिलं. त्याने पुढच्या माणसालाही तेच म्हटलं, आणि त्या माणसाने उलट त्यालाच "इशी" म्हटलं. सबंध बसभर दाढीवाले पुरुष एकमेकांना नव्या नवरीसारखे "इश्श, इश्श" म्हणताहेत असं मला ऐकू येत होतं. इशी म्हणजे "बरं", "ठीक आहे". हे पुढे कळलं. पण तोवर खिडकीकडे तोंड करून हसू दाबताना माझी पुरेवाट झाली.

दुसरा प्रकार त्याहून चमत्कारिक. माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. पांढरंशुभ्र सुती वस्त्र, आपल्या नऊवारीच्या पदरासारखं डोक्यावरून घेतलेलं. पलीकडची बाई तिला काहीतरी सांगत होती आणि म्हातारी मधून मधून तोंड उघडून जोराने श्वास आत ओढत होती. हुप्. थोड्या वेळाने पुन्हा, हुप्. असा श्वास घेणारी माणसं मी सॅनिटोरियममध्ये पाहिली होती. न राहवून मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पाण्याची बाटली पुढे केली. म्हातारीने आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं, पाणी प्यायली आणि माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. त्या मुलखात असा श्वास आत घेणं म्हणजे "हो हो, ऐकतेय" म्हणणं. ती बिचारी नुसता हुंकार देत होती.

वाट अशी की तिच्याबद्दल किती लिहावं. बस चढत चढत एका खिंडीपाशी पोचली, इटालियनांनी खोदलेल्या बोगद्यातून गेली आणि पलीकडे निघाली तर पायाखालची जमीनच संपलेली. खाली कोस न् कोस दऱ्या, त्यांच्या उतारांवर जवाची हिरवी वावरं आणि ढग आमच्याही खाली. आमच्याकडच्या मुलखात डोळ्याला अडवणारं काही नसतं. इथे सगळंच उभं होतं. पावसाळा नुकताच संपत आला होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या फुलांचे ताटवेच्या ताटवे उमलले होते. संध्याकाळी निलगिरीच्या धुराचा वास यायला लागला. देसे आलं. तिथे सगळ्या चुली निलगिरीच्याच लाकडावर पेटतात.

देसे

शाळेने माझी राहायची सोय केली होती त्या घराची मालकीण वैझेरो अल्माझ बस-स्टँडवर स्वतः आली होती. वैझेरो म्हणजे श्रीमती, आपण बाई म्हणतो तसं. पन्नाशीची, विधवा, कपाळावर गोंदलेला बारीक क्रूस. तिच्याबरोबर माझ्या शाळेतली इंग्रजीची शिक्षिका हिरुत होती, साधारण माझ्याच वयाची. अल्माझला इंग्रजी येत नव्हतं आणि मला अम्हारिक येत नव्हतं. आमच्या दोघींचं बोलणं सुरुवातीला हिरुतमार्फत चालायचं आणि ती नसली की हातवाऱ्यांनी.

हिरुतने मला सांगितलं, "सोमवारी शाळा सुरू होते. दोन वाजता या."

दोन वाजता म्हणजे दुपारची शाळा. मी खूश झाले. सोमवारी सकाळी सावकाश न्हाले, केस वाळवत बसले, फळ्यावर पहिलं काय लिहायचं याची मनात दहादा उजळणी केली. लायब्ररीच्या खोलीतून सुटून तीन आठवडे झाले होते. उन्हं वर आली तेव्हा दारावर थाप पडली. बाहेर हेडमास्तर, हिरुत, दोन शिक्षक आणि त्यांच्या मागे टोपली घेऊन अल्माझ. सगळ्यांचे चेहरे उतरलेले.

"तुम्ही आजारी आहात का?" हिरुतने विचारलं.

त्या प्रश्नाने मी गार पडले. यांना कुणी सांगितलं?

मग उलगडा झाला. त्या देशात तास सूर्योदयापासून मोजतात. त्यांचे दोन म्हणजे आपले सकाळचे आठ. आपल्याकडेही जुने लोक घटका तशाच मोजायचे, पण ते मला कुठून आठवणार. नवी मास्तरीण पहिल्याच दिवशी आली नाही, तेव्हा ती अंथरुणाला खिळली असणार असं धरून अर्धी शाळा समाचाराला आली होती. हेडमास्तर हसत हसत परत गेले. अल्माझ मात्र हलेना. आणलेलं जेवण परत न्यायचं नाही, असा तिचा नियम होता.

तिने मधोमध एक मोठं गोल ताट ठेवलं. ताटभर पसरलेला इंजेरा. तेफ नावाच्या बारीक धान्याची ही आंबवलेली पातळ पोळी, आपल्या आंबोळीची थोरली बहीणच म्हणा. तिच्यावर डाळीचा लालभडक रस्सा आणि शिरो. शिरो हे नाव ऐकून मी गोड काहीतरी समजले होते. ते निघालं चक्क पातळ पिठलं, तेही नागपुरी माणसाला चालेल इतकं तिखट. अल्माझ आणि हिरुत ताटाभोवती बसल्या आणि माझी वाट पाहू लागल्या. वेगळी ताटली कुठेच नव्हती.

माझा हात मांडीवरच राहिला.

"आवडलं नाही का?" हिरुतने विचारलं.

खोटं काही सांगून वेळ मारून नेता आली असती. पण रोज यांच्याच घरात राहायचं होतं. मी हिरुतला म्हटलं, "यांना सांग, मला टीबी झाला होता. छातीचा. तीन वर्षांपूर्वी. म्हणून माझं वेगळं वाढा."

 हिरुतने ते सगळं अम्हारिकमध्ये सांगितलं. अल्माझ ऐकत होती, मधून हुप् करून श्वास आत घेत होती. या वेळी त्याचा अर्थ मला ठाऊक होता. मग तिने काहीतरी विचारलं.

"औषधं सगळी घेतली का, म्हणतात."

"सगळी. दीड वर्ष."

"आता डॉक्टर काय म्हणतात?"

"पूर्ण बरी झाले म्हणतात. फोटोत नुसता जुना डाग आहे."

अल्माझने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि हिरुतला एक वाक्य बोलली. हिरुतला हसू आवरेना. "त्या विचारताहेत, मग डॉक्टरांचं तुम्हाला पटत नाही का?"

मी काही उत्तर देण्याआधी अल्माझने इंजेऱ्याचा भला मोठा तुकडा तोडला, त्यात डाळ आणि शिरो गुंडाळला आणि घास सरळ माझ्या तोंडाशी आणला. पाहुण्याला असा आपल्या हाताने घास भरवणं ही त्यांची रीत. मी तोंड उघडलं. तीन वर्षांत कुणाची बोटं माझ्या ओठांना लागली नव्हती. घास एवढा मोठा होता की बोलणं शक्य नव्हतं, नुसतं चावत राहायचं. तो संपायच्या आत दुसरा तयार. एकच घास तिथे देत नाहीत. मग हिरुतने एक दिला. मग मीही एक केला आणि अल्माझला भरवला. तिने मिटक्या मारत खाल्ला, आणि मी ट्रंकेतून भिवापुरी तिखट काढून रश्श्यावर भुरभुरलं तेव्हा तर तिने ताटच माझ्याकडे वळवलं.

त्यानंतर कॉफी. त्यांच्या घरी कॉफी म्हणजे आपल्यासारखा चहा टाकला आणि दिला, असं नसतं. जमिनीवर ताजं गवत पसरतात, हिरव्या बिया आपल्यासमोर भाजतात, त्यांचा धूर सगळ्यांना हुंगायला देतात, कुटतात, उकळतात, आणि तीन वेळा कप भरल्याशिवाय उठू देत नाहीत. आमच्याकडे पाहुणा "चहा नको, उशीर होतोय" म्हणतो आणि आपण आग्रह करतो. तिथे तसं म्हणायला जागाच नसते. कॉफी सुरू झाली म्हणजे उशीर हा शब्द संपला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दोनला, आमच्या आठला, मी वर्गात शिरले. पन्नास मुली धडधडा उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या नजरा माझ्या साडीवर. मी खडू घेतला. फळ्याच्या कोपऱ्यात कुणीतरी साल लिहून ठेवलं होतं. त्यांचं पंचांग आपल्यामागे सात-आठ वर्षं चालतं, नवं वर्ष सप्टेंबरात लागतं. आमच्याकडे सदुसष्ट चालू होतं, फळ्यावर साठ होतं. म्हणजे त्या फळ्यावर मी अजून आजारी पडायची होते. ही गंमत मराठीत कुणाला सांगावी, असं कुणीच नव्हतं. मी पुसणी उचलली, फळा पुसला, खडूची पूड उडाली आणि सवयीने मी खोकल्याची वाट पाहिली. तो आला नाही. मी समीकरण लिहिलं आणि मागे वळून विचारलं, कोण सोडवेल. एकदम दहा-बारा हात वर झाले.

त्या दिवशी मी चार तास शिकवलं. संध्याकाळी घसा बसला होता. अल्माझने गरम दुधाचा मोठा पेला आणून ठेवला. बुधवारी आणि शुक्रवारी तिचा कडक उपास असे, त्या दिवशी घरात दूध-तूप काही शिवायचं नाही. आमच्या उपासाला आम्ही उलट दूधच पितो, हे ऐकून तिला आमच्या धर्माची काळजीच वाटली. तरी उपासाच्या दिवशीही माझं दूध तापायचं, ते ती तोंड फिरवून ढवळायची.

तोसा

देसेच्या डोक्यावर तोसा नावाचा डोंगर आहे. ऑक्टोबरात, पिवळी फुलं अजून टिकून होती तेव्हा, एका रविवारी माझ्या वर्गातल्या सहा-सात मुली आणि हिरुत मला तिथे न्यायला आल्या. मी नको म्हणणार होते. अल्माझने माझ्या हातात काठी दिली आणि "अयझोश" म्हणाली. हा शब्द मी तोवर शिकले होते. मूल पडलं, बाई बाळंत होत असली, म्हातारा चढ चढत असला, की तिथे "अयझोश" म्हणतात, पुरुषाला "अयझो". धीर धर, मी इथेच आहे, असं काहीसं.

चढण खडी होती. पहिल्या अर्ध्या तासात मी तीनदा बसले. मी बसले की मुलीही बसायच्या, फुलं तोडायच्या, बूट झाडायच्या, जणू त्यांनाही तिथेच बसायचं होतं. कुणी मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही. छातीत उजवीकडे, जिथे तो डाग आहे, तिथे थोडं ओढल्यासारखं होत होतं. मी थांबले, श्वास जागेवर येऊ दिला, पुन्हा निघाले. निलगिरीची झाडं मागे पडली. मग नुसतं गवत, वारा आणि आमच्या पायांचा आवाज. आणि मग वर चढायला काही उरलंच नाही.

खाली देसे, पत्र्याची छपरं उन्हात चमकत असलेली. पलीकडे एक खोल घळ आणि घळीच्या पार, समोरच्या उतारावर, जवाच्या वावरात एक बाई काम करत होती. इथून बोटाएवढी दिसत होती. मुलींनी तोंडाभोवती हात धरले आणि तिला हाक दिली, लांबवलेली, गाण्यासारखी. डोंगरातली माणसं दरी ओलांडून अशाच गप्पा मारतात. बाईने ओणव्यानेच उत्तर दिलं. मग काहीतरी विचारलं.

"विचारतेय, ते रंगीत लुगडं कुणाचं," हिरुतने सांगितलं. "मुलींनी सांगितलं, आमची मास्तरीण, हिंदुस्थानची. ती म्हणतेय, मग तिलाच बोलू द्या."

सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. मला पंधरा-वीस शब्द येत होते, त्यांतला एकही वेळेवर आठवला नाही. म्हणून मी तोंडाभोवती हात धरले, छातीत मावेल तेवढी हवा भरून घेतली आणि जे तोंडात आलं ते ओरडले.

"बाई, कशी आहेस वं? पीक चांगलं हाय का औंदा?"

आवाज घळीवरून गेला. मधे कुठे तुटला नाही, चिरकला नाही. पलीकडच्या खडकावर आपटून थोडासा मागेही आला. बाई ताठ उभी राहिली, कमरेवर हात ठेवला आणि बराच वेळ काहीतरी बोलली. मुली पोट धरून हसत होत्या.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, एक अक्षर कळलं नाही, पण आवाज ऐकून बरं वाटलं. तिचं घर तिथेच वर आहे, धूर दिसतोय ना, ते. कॉफी भाजायला घेते म्हणते. या."

घळ खोल होती. आधी पुरतं खाली उतरायचं आणि मग पलीकडचा तेवढाच चढ. मुली माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी पदर कमरेला खोचला आणि सगळ्यांच्या पुढे उतरायला लागले.